परवल सांगून काढा

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … शामला? अगं, आवाज असा घोगरा काय तुझा? … सर्दी? इंदूरला कसली एवढी थंडी, थंडी बघायची तर ग्वाल्हेरला ये. सकाळपासून दोन स्वेटर घालून बसलेय मी.

हो, मोबाईल आहे ना, हा काय टेबलावर. सकाळी ट्रेनिंग होतं म्हणून आवाज बंद केला, तो तसाच राहिला. … बरं केलंस, दवाखान्याच्या फोनवर लावलास ते. हा काळा डबा अजून चालतो. नंबर-बिंबर काही दिसत नाही यावर, पण ऐकू छान येतं.

पदांची यादी ना? … माहीत आहे गं, पाचला बंद होणार. घड्याळ समोरच आहे, चार वीस झालेत. … नाही, सही नाही केली. … विसरले नाही, मुद्दाम थांबवलीय. … अगं ऐक ना.

त्यातलं सात नंबरचं नाव काढ. … सात नंबर. आमच्या रेकॉर्ड रूमच्या मंदाताई. त्यांच्यापुढे "पद रद्द" लिहिलंय, ते खोड आणि "पद कायम" कर. … हो, मीच लिहिलं होतं. माझाच रिपोर्ट आहे, मला काय आठवण करून देतेस. "अभिलेख विभागातील कामाचे स्वरूप कालबाह्य, एकत्रीकरणानंतर आवश्यकता नाही." तोंडपाठ आहे. लिहिलं तेव्हा मला वाटलं, काय मस्त वाक्य जमलंय. आता आठवलं की कान गरम होतात.

नाही, कोणी दबाव नाही आणला. त्यांना तर माहीतही नाही यादीचं. … माझ्या कोण लागतात त्या, उलट तीन वर्षं माझं आणि त्यांचं जमत नव्हतं, तुलाच तर फोन करून करून रडायचे मी. "ही बाई मला कॉम्प्युटर लावू देत नाही, ही बाई मला कपाटाची किल्ली देत नाही." आठवतं ना? … हां, तीच. तीच बाई.

तिकडे हेड ऑफिसात तुझ्या कागदावर सोपं आहे गं. लष्कर भागातला आमचा दवाखाना एक चौकोन, दर्पण कॉलनीचा दुसरा चौकोन, मधे बाण, झालं विलीनीकरण. त्या बाणावर माणसं बसलीयत, ती कुठे दिसतात तुला इंदूरहून. … बरं बरं, टोमणा नाही मारत. पण पाच मिनिटं ऐकून घे. मग तू ठरव.

आमच्याकडे परवल चालते, ठाऊक आहे तुला? … नाही गं, भाजी नाही. आमचा गार्डही पहिल्या दिवशी भाजीच समजला होता. परवल म्हणजे पहाऱ्यावरचा शब्द. पहारेकरी एक बोलणार, येणाऱ्याने त्याचं ठरलेलं उत्तर द्यायचं, तरच आत. मंदाताईंचे आजोबा, उमाजीराव, पलटणीत होते ना संस्थानच्या. त्यांच्या घरात ही चाल अजून आहे. दर दसऱ्याला तलवारीची पूजा झाली की घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या कानात नवीन परवल सांगतं. सुना, जावई, सगळे. आणि ती वर्षभर चालते. जावई पहिल्यांदा आला आणि विसरला, तर दारात उभा. खरंच. मंदाताईंचे यजमान असे पाऊण तास उभे होते म्हणे, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

तर तेच त्यांनी दवाखान्यात आणलं. … नाही, आज नाही, खूप वर्षं झाली. पण घरी वर्षाची, इथे आठवड्याची. दर सोमवारी सकाळी नऊला प्रत्येकाच्या कानात सांगणार. आम्ही सहा जण, डॉक्टर माधवराव धरून. डायरेक्टर असले तरी त्यांनीही कान पुढे करायचा. लिहून ठेवायची नाही, व्हॉट्सॲपवर तर बिल्कुल नाही. आणि पेशंटचा कुठलाही कागद फोनवर मागितला, की आधी परवल. बाहेरचा माणूस असेल, त्याला परवल माहीत नसणार, तर फोन ठेवायचा आणि त्यांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला त्याचा नंबर आपण लावायचा. त्याने लावलेला नाही, आपण लावलेला.

मी हसायचे. … अगं सगळेच हसायचे. एकदा परवल काय होती माहीत आहे? "पोळ्या किती?" आणि उत्तर, "कणीक संपली." आता भर ओपीडीत मी माधवरावांना फोनवर विचारतेय, साहेब, पोळ्या किती? समोर मुरैन्याहून आलेली बाई माझ्याकडे बघतेय, की मॅडम को क्या हो गया.

म्हणून तर लिहिलं ना कालबाह्य. मला वाटलं, नवीन सॉफ्टवेअर येतंय, त्यात अंगठा, चेहरा, सगळं ओळखणार. ही बाई आणि तिची कणीक कशाला हवी.

ऐकतेयस ना? … आता गुरुवारची गोष्ट. मागच्या गुरुवारची.

माधवराव भोपाळला गेलेले, त्याच एकत्रीकरणाच्या मीटिंगला. साडेअकराला फोन वाजला. हाच, हा काळा. मी उचलला. "शरयूबाई," … अगं सेम आवाज. सेम म्हणजे काय, आधी घसा खाकरतात ना ते, दोनदा, मग "शरयूबाई." मला म्हणाले, गुडघा फार दुखतोय आज, गाडीत बसून बसून. मी म्हटलं, साहेब, तेल लावा. गप्पा झाल्या गं आमच्या. त्या आवाजाला मी मोहरीचं तेल गरम करून लावायला सांगितलं.

मग म्हणाले, जुना सर्व्हर आज दुपारी बंद होतोय, एकत्रीकरणाचं काम एक दिवस आधी आलंय, सगळे केसपेपर नव्या जागी न्यायचेत, तुमच्या मोबाईलवर सहा आकडी कोड येईल तो वाचा. आणि आला की कोड. … हो ना. विलीनीकरणाची तारीख माहीत, सर्व्हरचं माहीत, माझं नाव माहीत. संशय कशाला येईल?

मी वाचायला लागले. … हो, वाचायला लागले. तीन आकडे वाचले, शामला. तीन. सहापैकी तीन.

मंदाताई मागे कपाटाशी होत्या. हातात ती लोखंडी पट्टी, कागदांच्या कडा सारख्या करायची. ती पट्टी त्यांनी माझ्या मोबाईलवर आडवी ठेवली, अशी, आकडे झाकून. आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. अगदी हळू, जसं बाळाच्या हातातून कात्री घेतात तसं. आणि विचारलं, "साहेब, परवल?"

मग म्हणे, "कसली परवल? वेळ काय, तुम्ही बोलताय काय?" ताई म्हणाल्या, "वेळ नसला तरी चालेल, परवल पाहिजे." मग तो आवाज चढला. माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. "मी डायरेक्टर आहे या दवाखान्याचा. तुम्हाला आजच्या आज काढून टाकीन."

आणि आमच्या मंदाताई काय म्हणाल्या माहीत आहे? एवढ्याशा आवाजात. म्हणाल्या, "काढा ना साहेब. पण परवल सांगून काढा."

… हसतेस ना? मी पण आता हसते. तेव्हा मला वाटलं, गेली बाईची नोकरी, माझी पण गेली. आणि तिकडून फोन कट.

मग काय, वही काढली. पेन्सिलीने लिहिलेला माधवरावांचा नंबर. त्यांनी स्वतः लावला, एकेक आकडा दाबत. साहेब ट्रेनमध्ये, बीना स्टेशन गेलेलं, पुरी-भाजी खात होते. आधी ताईंनी त्यांना परवल विचारली. भरल्या तोंडाने साहेबांनी उत्तर दिलं. मग विचारलं, तुम्ही आत्ता फोन केला होता का? … नाही ना. कुठला करतायत. गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं त्यांच्या, ते तर दोन महिन्यांपूर्वी दुखत होतं.

आवाजाची नक्कल, अगं. मशीन करतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं मिळालं की झालं. … कुठून मिळालं म्हणतेस? मीच दिलं. दवाखान्याच्या वर्धापनदिनाचं साहेबांचं भाषण नेटवर कोणी टाकलं? मीच. किती हौसेने टाकलं होतं, खाली फुलं-बिलं लावून. त्यात साहेब गुडघ्यावर विनोद करतात, तो पण त्यांनी घेतला. आणि विलीनीकरणाची बातमी, तीही मीच टाकली होती तारखेसकट. सगळं सामान मीच पुरवलं चोरांना. मला लाज वाटते सांगायला, पण तुला नाही सांगणार तर कोणाला.

थांब ना, संपलं नाही. शनिवारी परत झालं. … हो, परत. पण शनिवारी साहेबांचा आवाज नव्हता. माझा होता.

माझा, शामला. माझ्याच आवाजात गार्डला फोन आला. "भैया, मैं शरयू मैडम, रेकॉर्ड रूम खोल दीजिए, एक आदमी हार्ड डिस्क लेने आ रहा है." आणि तो आमचा गार्ड, भिंडचा, मराठीचा ओ की ठो कळत नाही, त्याने विचारलं, "मैडम, वो सब तो ठीक है, परवल बताइए." फोन कट. मग धावत माझ्याकडे आला, मी इथेच बसलेली, मला बघून असा पांढरा पडला की विचारू नकोस. मी त्याला पाणी दिलं. मग माझंच मला भरून आलं. आपलाच आवाज बाहेर फिरतोय, आपल्याशिवाय, आणि लोकांना दारं उघडायला सांगतोय. कसंसंच होतं गं. तीन दिवस झाले, मला माझं बोलणं ऐकायला नको वाटतं.

केली ना, सायबरवाल्यांकडे तक्रार केली. त्यांनी दोन तास बसवून सगळं लिहून घेतलं. तिथला एक तरुण इन्स्पेक्टर मंदाताईंना म्हणाला, "आंटी, आपको ये किसने सिखाया?" ताई म्हणाल्या, "दादाजीने." बस, एवढंच. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगतील. नाही. पर्स घेतली आणि म्हणाल्या, चला शरयूताई, साडेचारला ड्रेसिंगचे कागद लावायचेत.

आज सकाळचं ट्रेनिंग ऐकायला हवं होतंस. पुण्याहून एक मुलगा ऑनलाइन. येत्या दहा वर्षांत माहितीच्या सुरक्षेचं काय होणार यावर. मोठमोठे शब्द. म्हणाला, पुढे कोणावर आपोआप विश्वास ठेवायचा नाही, आतला असो की बाहेरचा, दर वेळी ओळख विचारायची. मी मंदाताईंकडे बघितलं. त्या स्वेटरचं बटण शिवत होत्या.

मग म्हणाला, नवा कायदा काय सांगतो, की लागेल तेवढीच माहिती घ्या आणि काम झालं की पुसून टाका. अगं, ही बाई पंचवीस वर्षं तेच करतेय. पेशंट बाईला कधी जास्तीचं विचारणार नाही. मी नवा फॉर्म केला होता, अठ्ठावीस रकाने. त्यांनी त्यातले सतरा पेनने खोडले. मी किती भांडले. त्या म्हणाल्या, "बाळंतपणाला आलेल्या बाईच्या नणंदेचा मोबाईल नंबर काय करायचाय?" मी आपली म्हणाले, फॉर्म भरलेला दिसतो.

आणि शेवटी तर कमालच. तो म्हणाला, आजची कुलपं उद्याची मशीनं फोडणार. म्हणून चोर आत्ताच कुलूपबंद माहिती चोरून ठेवतायत, दहा वर्षांनी उघडू म्हणून. मंदाताईंनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मग जे लिहायला नको ते लिहूच नये ना." तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हे वाक्य मी पुढच्या ट्रेनिंगमध्ये वापरू का?" … खरंच गं. शप्पत. दहावी पास बाई आहे ही, आणि तो पोरगा वहीत लिहून घेत होता.

हो, दहावीच. … नियमात पदवी लिहिलीय हे माहीत आहे मला. मीच लिहिली असेल. … शामला, पदवी माझ्याकडे होती ना? दोन होत्या. तीन आकडे वाचले मी.

नाही, थांब, त्यांच्या आजोबांचं सांगते, मग तुला कळेल. संस्थान विलीन झालं तेव्हा उमाजीराव दफ्तराच्या कोठीवर होते पहाऱ्याला. पलटण मोडणार, रोज नवीन साहेब, नवीन टोप्या, नवीन शिक्के. कोणाला काही कळेना कोण आपला, कोण परका. तेव्हा एक माणूस आला, अंगावर नवा गणवेश, हातात कागद, म्हणाला, सगळी दफ्तरं हलवायचीत, उघड. उमाजीरावांनी परवल मागितली. तो म्हणाला, आता कसली परवल, तुझी पलटणच राहिली नाही. हे म्हणाले, पलटण उद्या मोडणार आहे, आज माझा पहारा आहे. नाही उघडलं. तो माणूस मग परत कधी दिसला नाही. मंदाताई म्हणतात, आजोबा नेहमी सांगायचे, दोन घरं एक होतात ना, तेव्हाच तिसरा शिरतो. कारण त्या दिवसांत कोणीही नवीन दिसला तरी सगळ्यांना वाटतं, तिकडचा असेल.

… बरोब्बर. दर्पण कॉलनीवाल्यांना वाटतं आमचा, आम्हाला वाटतं त्यांचा. आणि तू नेमकं आत्ता, याच महिन्यात, पहारेकरी काढतेयस. म्हणजे मी काढला. तू नाही, मी.

किती कागद चोरीतून वाचले म्हणतेस? एकतीस हजार. एकतीस हजार बायकांचे.

हॅलो? … शामला? … लाइन गेली का? … मग गप्प का झालीस?

कुठल्या सालापासूनचे म्हणजे? सगळेच. दवाखाना उघडला तेव्हापासूनचे. … दोन हजार एकचे? असणारच ना. कागद कपाटात आहेत, आणि मागच्या वर्षी मी सगळे स्कॅन करून घेतले. … का गं?

…

तू? … इथे? …

नाही. नाही, नाही विचारत मी. … नको, नको सांगूस. शामला, ऐक, तू मला काही सांगायची गरज नाही. … अगं, रडू नकोस. पाणी आहे का जवळ? … पी आधी.

नाही, मी नाही वाचला. खरंच सांगते. स्कॅनिंगला मुलं बसवली होती मी, मंदाताईंनी त्यांना कागद उलटे करून दिले, नावाचा भाग पट्टीने झाकून, एकेक. चार महिने लागले. मी तेव्हा पण चिडले होते, किती हळू म्हणून. … कोणी नाही बघितलं. कोणी म्हणजे कोणीच नाही.

मंदाताईंना? … त्यांना आठवत असेल की नाही, मी कशी सांगू. आठवत असलं तरी त्या सांगणार नाहीत. तूच बघ ना. इथल्या गोरखीच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. अकरा वर्षं मी या दवाखान्यात आहे, मंदाताई माझ्यापासून चार पावलांवर बसतात. तुझं नाव दर आठवड्याला माझ्या तोंडात असतं. शामला असं म्हणाली, शामलाने इंदूरला घर घेतलं. त्या फक्त एवढंच विचारतात, "बऱ्या आहेत ना शामलाताई?" बस. मी म्हणते, हो, मजेत आहे. त्या मान हलवतात आणि कामाला लागतात. मला वाटायचं, काय ही बाई कोरडी. … आता कळतंय मला, त्या काय विचारत होत्या.

अगं … हो. हो गं. मला पण भरून आलंय. पुस डोळे. कोणी येईल तुझ्या केबिनमध्ये.

… करतेस? खरंच? … शामला, तुझे उपकार … बरं, नाही म्हणत उपकार. कारण काय लिहिणार? … "ओळख पडताळणी व रुग्णगोपनीयता." वा. किती छान लिहिलंस. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणतील, हे कोण. … आणि पदवीचं? … "अनुभव ग्राह्य." हां, असं लिहिता येतं होय? मग माझ्या रिपोर्टात मला का नाही सुचलं. सुचलं नाही कारण सुचवायचं नव्हतं.

किती वाजले? चार अठ्ठेचाळीस. … होईल ना पाचच्या आत? … सही केलेली नसली तरी यादी उघडायला माझी परवानगी लागते? … अच्छा, मोबाईलवर कोड येईल आणि तो मी तुला सांगायचा. सांगते ना, त्यात काय. पाठव तू, मी मोबाईल हातात घेते.

… हो, तुझ्या साहेबांना मी उद्या स्वतः पत्र लिहीन. लिहीन की पहिला रिपोर्ट माझा होता आणि चुकीचा होता. … लाज कसली, झाली ती झाली. …

आला, आला कोड. घे लिहून. चार … एक …

अं? … ताई, तुम्ही कधी आलात? … अहो, एक मिनिट, इंदूरचा फोन आहे. … शामला, धर जरा, मंदाताई आल्यायत चहा घेऊन.

ताई, पट्टी काढा ना, आकडे दिसत नाहीत. … अहो शामला आहे ही. आपली शामला. … नाही, मी नाही लावला, तिने लावला. … हो, याच फोनवर. … नाही, परवल तिला कशी माहीत असेल, ती इंदूरला.

शामला, अगं, त्या म्हणतायत फोन ठेव. … मला माहीत आहे गं तूच आहेस. सांगते त्यांना.

ताई, आम्ही अर्धा तास बोलतोय. ती रडली आत्ता माझ्याजवळ, कोणी खोटं असं रडेल का? … … शामला, त्या म्हणतात, रडणं पण बनवता येत असेल आता. … नाही, रागावून नाही, शांतपणे म्हणतायत. … हो, तुझा आवाज घोगरा आहे हे मी सांगितलं नाही त्यांना, त्यांनी इथून ऐकला.

दहा मिनिटं आहेत. … माहीत आहे, ठेवून परत लावायला वेळ जाईल, लाइन लागेल न लागेल. …

ताई, आता सांगूनच टाकते. या यादीत तुमचं नाव आहे. पद रद्द म्हणून. मी घातलं होतं. ते काढायला ही कोड मागतेय. पाचनंतर काही करता येणार नाही. तुमची नोकरी आहे ताई ही, दुसऱ्या कोणाची नाही. …

…

हॅलो, शामला. आहेस ना. … त्या काय म्हणाल्या सांगू? मला वाटलं, चिडतील माझ्यावर, रडतील. त्यांनी चहा टेबलावर ठेवला, बशी झाकली, आणि म्हणाल्या, "माझ्या नोकरीसाठी नियम मोडला, तर मग मला ठेवून करायचंय काय?"

… हो. असंच म्हणाल्या.

शामला, तू रागावू नकोस. दोन आकडे दिलेत, उरलेले चार माझ्याजवळच राहू देत. मंदाताईंनी वही उघडलीय, "श"चं पान काढलंय. तुझा नंबर आहे यात, जुना खोडून पेन्सिलीने नवा लिहिलेला. त्याच्याशेजारी साल पण लिहिलंय, पण ते मी बघत नाही, त्यांनी बोट ठेवलंय त्यावर. आत्ता लावते. त्या स्वतः दाबतील एकेक आकडा, थोडा वेळ लागेल, चिडू नकोस.

तू शामला असशील तर पहिल्या रिंगला उचल.

आणि नसशील, तर तू पण ऐकून ठेव. सात नंबरचं पद अजून चालू आहे. … ठेवते.